श्रीखंड्या ते बेमॅक्स : घरात आलेल्या गड्याची गोष्ट



हिंगोलीत इतिहासावर बोलायचं म्हटलं तर विषयांना तोटा नाही. औंढ्याला नागनाथाचं देऊळ आहे, कयाधूच्या काठावर नामदेवांचं जन्मस्थान म्हणून नर्सी आहे, आणि गावात पलटण, रिसाला ही नावं सांगतात की इथे एकेकाळी निजामाच्या फौजेची छावणी होती. हे सगळं सोडून आम्ही एका कार्टून सिनेमावर बोलणार म्हटल्यावर काही जणांच्या भुवया वर गेल्या. एका ज्येष्ठांनी तर विचारलंच, "आता फुग्यावर व्याख्यान का?" हो, आज फुग्यावरच व्याख्यान आहे. पण हा फुगा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जुना आहे, तो आपल्याच घरातून गेलेला आहे, आणि तासाभरात आपण त्याला नर्सी-पैठणपर्यंत घेऊन येऊ.

सुरुवात एका छोट्या प्रसंगाने करतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही जणांनी मिळून गल्लीतल्या पोरांना 'बिग हीरो सिक्स' दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, हिंदी आवाज. पोरांच्या मागे एक आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सिनेमा संपल्यावर पोरं उडण्याच्या, मारामारीच्या गोष्टी करत होती. आजी एवढंच म्हणाल्या, "त्यानं इचारलं तरी, कुठं दुखायलंय म्हणून. आमाला कोण इचारतंय?" आजचं सगळं व्याख्यान त्या एका वाक्याचा माग काढण्यासाठी आहे.

गोष्ट काय आहे

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्नेचा हा अॅनिमेशनपट २०१४ च्या नोव्हेंबरात आला. दिग्दर्शक डॉन हॉल आणि ख्रिस विल्यम्स. पात्रांची नावं मार्व्हलच्या १९९८ सालच्या एका फारशा न गाजलेल्या कॉमिक्समधून घेतलेली, पण गोष्ट बरीचशी नव्याने रचलेली. २०१५ साली त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. शहर काल्पनिक आहे, सॅन फ्रान्सोक्यो. म्हणजे अर्धं अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को, अर्धं जपानचं टोक्यो.

हिरो हा चौदा वर्षांचा, बुद्धीने अफाट पण वाऱ्यावर सुटलेला पोरगा. आईवडील लहानपणीच गेलेले. थोरला भाऊ तादाशी त्याला वळणावर आणतो. घरी सांभाळणारी 'आँट' कॅस. आता इंग्रजीतल्या 'आँट'वरून मावशी की आत्या, हे काही कळत नाही. पण आपल्याकडचा प्रेक्षक क्षणात ठरवतो की ही मावशीच. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण ज्या भाषेत आहे तिथे आणखी काय होणार?

तादाशी एका आगीत जातो. मागे राहतो त्याने बनवलेला यंत्रमानव, बेमॅक्स. पांढराशुभ्र, हवा भरलेला, पोट सुटलेला, दारातून जाताना अडकणारा. लाल पेटीत घडी होऊन बसलेला असतो. कुणी दुखून कळवळलं की तो आवाज ऐकून पेटीतून फुगून उठतो आणि विचारतो की तुमचं दुखणं एक ते दहामध्ये किती? आणि जोपर्यंत तुम्ही स्वतःच्या तोंडाने "माझी शुश्रूषा नीट झाली, मी समाधानी आहे" असं सांगत नाही, तोपर्यंत तो परत पेटीत जात नाही.

पुढे खलनायक येतो, मित्रमंडळी जमते, चिलखतं बनतात, सहा जणांची टोळी होते. पण आपण खरं सांगू या. पोस्टरवर सहा नायक असले तरी लोकांच्या मनात राहिला तो एकच. बाकीच्या पाच जणांची नावं आठवायला पोरांनाही विचार करावा लागतो. बेमॅक्स मात्र दप्तरावर आला, टोपीवर आला, उशीवर आला. असं का झालं, हा आपला प्रश्न.

मऊ यंत्र

एक उत्तर त्याच्या अंगात आहे. चित्रपटाची तयारी चालू असताना हॉल अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले होते. तिथे ख्रिस अॅटकेसन आणि त्यांचे सहकारी हवा भरलेल्या मऊ यंत्रहातावर काम करत होते. म्हाताऱ्या, आजारी माणसाला उचलायचं, भरवायचं, दात घासून द्यायचे, तर हात पोलादाचा असून कसं चालेल? चुकून धक्का लागला तरी इजा होता कामा नये. त्यातून बेमॅक्सचं शरीर सुचलं. चेहरा सुचला तो जपानमधल्या मंदिरातल्या घंटेवरून. दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ, बस्स. तोंड नाही, भुवया नाहीत. त्यामुळे आपल्या मनात जे असेल ते त्या चेहऱ्यावर दिसतं. विठ्ठलाच्या मूर्तीसमोर उभं राहिल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या हिंगोलीचा दसरा आठवा. रामलीला मैदानावर उभा राहणारा रावणही आतून पोकळच असतो. बांबूचा सांगाडा, वर कागद. पण त्याच्या पोटात दारू भरलेली असते, आणि तो जळताना पाहायला आपण लांब उभे राहतो. बेमॅक्सच्या पोटात फक्त हवा आहे, म्हणून पोरं त्याला जाऊन बिलगतात. पोकळ राक्षस दोन्हीकडे आहे. आत काय भरलं, त्यावर सगळं ठरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

लाकडाचे गडी

आता मागे जाऊ. माणसाने घडवलेला, स्वतः हालणारा नोकर ही कल्पना परदेशातून आली, असं आपण सहज धरून चालतो. तसं नाही. धारच्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा अकराव्या शतकातला ग्रंथ आहे. मूळ विषय वास्तुशास्त्र, पण त्यात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. दिव्यात तेल घालणारी बाहुली आहे, दारावर शस्त्र घेऊन उभा राहणारा लाकडी पहारेकरी आहे. ही यंत्रं खरोखर चालली की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माणसाने हौस कशाची केली होती, ते मात्र त्यातून कळतं. हौस होती ती घरच्या कामाला आणि राखणीला गडी मिळण्याची.

त्याच शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला. त्याचं मूळ असलेली गुणाढ्याची 'बृहत्कथा' परंपरेने आपल्या पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडली जाते. त्यात एका नगराची गोष्ट आहे. राजपुत्र नरवाहनदत्त तिथे जातो तर रस्त्यात माणसं हिंडतायत, पण बोलत कुणीच नाही. सगळी लाकडाची. नगरात जिवंत माणूस एकच, राज्यधर नावाचा सुतार. त्या ओसाड गावात तो एकटा पडला होता, म्हणून त्याने माणसं घडवली.

इथे जरा थांबू. यंत्रमानवाच्या जन्मामागे आळस असतो असं आपल्याला वाटतं. ही कथा दुसरंच कारण सांगते, ते म्हणजे एकटेपणा. जपानमध्ये १९५२ पासून ओसामू तेझुका यांनी 'अॅस्ट्रो बॉय' नावाने पुढे जगभर गाजलेली चित्रकथा काढली. तेझुका वैद्यकशास्त्र शिकलेले. त्यांच्या कथेतला शास्त्रज्ञ यंत्राचा मुलगा बनवतो, कारण त्याचा स्वतःचा मुलगा अपघातात गेलेला असतो. आणि 'बिग हीरो सिक्स'मध्ये गेलेल्या भावाची शेवटची आठवण म्हणजे बेमॅक्स. सुताराच्या नगरापासून इथपर्यंत रिकाम्या घराचा धागा तुटलेला नाही.

रोबो म्हणजे वेठ

पण या धाग्याला एक काळी बाजू आहे. 'रोबो' हा शब्द जगाला दिला कारेल चापेक या चेक नाटककाराने, १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. शब्द सुचवला त्यांच्या भावाने, जोसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी फुकट राबणं. आपल्या भाषेत सांगायचं तर वेठ.

हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. साहेब दौऱ्यावर आला की सामान कुणी वाहायचं, देशमुखाच्या वाड्यावर लाकडं कुणी फोडायची, हे जातीवरून आणि गरिबीवरून ठरलेलं असे. मजुरी नाही, नकार नाही. म्हणजे 'रोबो' या शब्दाचं सरळ मराठी करायचं तर 'यंत्रमानव' नव्हे, 'वेठबिगार' होईल.

चापेकच्या नाटकात हे वेठबिगार शेवटी उठतात आणि माणसांना मारून टाकतात. एकच माणूस वाचतो, आल्क्विस्ट. का? तर तो स्वतःच्या हाताने काम करतो म्हणून. आपल्याकडेही ही भीती होतीच. भुताला सतत काम द्यायचं, काम संपलं की ते मालकालाच खाणार, ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. शेवटी मालक अंगणात बांबू रोवतो आणि भुताला सांगतो, चढत जा आणि उतरत जा. आणि भस्मासुर? ज्याने वर दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. प्रेमाशिवाय राबवलेला नोकर आज ना उद्या उलटतो, ही अक्कल गोष्टी सांगणाऱ्यांना फार आधीपासून होती.

जनीचा सोबती

आणि इथेच मराठी परंपरेने वेगळी वाट काढली. ती समजली की बेमॅक्स आपल्याला ओळखीचा का वाटतो, ते उलगडतं.

नामदेवांच्या घरी जनाबाई होती. मूळची गंगाखेडची, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली. लहानपणी दामाशेटींकडे कामाला आली आणि आयुष्यभर तिथेच राहिली. स्वतःची ओळख ती नामदेवांची दासी अशीच सांगते. दळण, कांडण, पाणी, शेण, उष्टी-खरकटी, सगळं तिच्याकडे. तिच्या नावावरच्या अभंगांत काय होतं? विठ्ठल येतो आणि तिच्याबरोबर जात्याला बसतो. पाणी भरतो. गोवऱ्या वेचतो. तिचे केस विंचरतो. हा देव शत्रू मारत नाही, राज्य देत नाही, वर देत नाही. तो दुसऱ्या बाजूने खुंटा धरतो.

एकनाथांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या दिशेने येते. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा पोरगा कामाला राहतो. चंदन उगाळतो, गोदावरीचं पाणी कावडीने आणून रांजण भरतो. बारा वर्षं. मग द्वारकेहून एक भक्त देवाला शोधत येतो, तेव्हा कळतं की आपला गडी कोण होता. तोवर श्रीखंड्या निघून गेलेला असतो. अठराव्या शतकात महिपतींनी संतांच्या कथा ओवीबद्ध केल्या आणि त्या घरोघरी गेल्या. नाथषष्ठीला पैठणला रांजण भरण्याची प्रथा आजही आहे.

आता या गोष्टींमधला गडी आणि बेमॅक्स शेजारी ठेवून बघा. दोघंही न बोलावता येतात, दुखण्याच्या आवाजाने येतात. दोघंही घरातलीच कामं करतात. दोघांनाही मोबदला नको. आणि दोघंही निघून गेल्यावरच कळतं की घरात कोण होतं.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे, नाहीतर आम्ही गोड बोलून फसवल्यासारखं होईल. जनाबाई खरी बाई होती आणि तिचं दळण खरं होतं. देव जात्याला बसला म्हणून तिचं दासीपण सुटलं नाही. ती कथा जितकी भक्तीची, तितकीच ती एका थकलेल्या बाईच्या इच्छेची आहे. कुणीतरी यावं, खुंट्याला हात लावावा, विचारावं की बाई, दमलीस का? ज्या समाजात हे विचारायला माणूस मिळत नाही, तिथे हा प्रश्न देवाच्या तोंडी जातो. देवाच्या तोंडून तो आता यंत्राच्या तोंडी आला आहे.

बाहुल्या, रेघा आणि डोरेमॉन

मधल्या काळाकडे धावती नजर टाकू. निर्जीव वस्तू पडद्यावर हलवण्याची हौस आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काड्या स्वतः हालत. 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगचित्र काढलं. १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केला. दूरदर्शनवर तो पाहिलेली पिढी इथे समोर बसली आहे, हसतेही आहे. पाध्यांचा अर्धवटराव हा लाकडाचा असून घरचा पाहुणा झाला. आणि त्याच रामदास पाध्यांनी १९९३ च्या 'झपाटलेला'साठी तात्या विंचूची बाहुली घडवली. लळा लावणारी बाहुली आणि घाबरवणारी बाहुली, दोन्ही एकाच घरातून आल्या. भस्मासुर आणि श्रीखंड्या हे दोन्ही धागे इथेही शेजारीच आहेत.

मग २००५ नंतर हंगामा वाहिनीवरून डोरेमॉन आला. हा निळा यंत्रबोका भविष्यातून येतो, कारण नोबिता या रडक्या, नापास होणाऱ्या पोराची अवस्था त्याच्या वंशजांना बघवत नाही. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला पहिला प्रेमळ रोबो तिथे भेटला आणि तो हिंदी बोलत होता. हिंगोलीतल्या पोरांना त्याची अडचण कधी आली नाही, कारण इथल्या बाजारात मराठी, उर्दू, हिंदी एकाच तोंडात नांदतात. बेमॅक्सही त्यांना हिंदीतूनच भेटला. पण आपल्या जात्यावरचा गडी परक्या भाषेत घरी परत येतो आणि त्याला मराठी बोलायला आपण शिकवलेलं नाही, याची थोडी रुखरुख वाटायला हरकत नाही.

हिरवी चिप

आता सिनेमाच्या मर्मावर येऊ. बेमॅक्सच्या छातीत हिरवी चिप आहे. तिच्यावर तादाशीचं नाव आहे आणि आत दहा हजारांहून जास्त उपचारांची माहिती. हिरो तिच्या शेजारी स्वतः बनवलेली लाल चिप बसवतो, ती मारामारीची. अंगावर लाल चिलखत चढवतो. इथवर दोन्ही चिपा शेजारी आहेत आणि सगळं ठीक चाललेलं असतं.

मग खलनायकाचा मुखवटा उतरतो. तो निघतो तादाशीचाच प्राध्यापक, कॅलाहन. संतापलेला हिरो हिरवी चिप उपटून काढतो. त्या क्षणी बेमॅक्सच्या डोळ्यांचे ठिपके लाल होतात आणि तो मऊ फुगा माणसाच्या जिवावर उठतो. मित्र मध्ये पडतात, हिरवी चिप परत बसवतात, तेव्हा तो थांबतो आणि आपल्या हातून झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त करतो.

चापेकचे वेठबिगार आणि जनीचा सोबती एकाच अंगात राहतात आणि मध्ये फक्त एक चिप आहे, हे या दृश्यात स्वच्छ दिसतं. आम्हाला सगळ्या सिनेमात हेच सगळ्यात खरं वाटतं. यंत्र चांगलं की वाईट, असा वाद आपण शाळेत निबंधात घालायचो. सिनेमा विचारतो, त्यात कुणी काय घातलं? आणि ते काढून घ्यायचा अधिकार कुणाच्या हातात दिला?

नंतर हिरो पुन्हा चिप काढायला जातो तेव्हा बेमॅक्स छातीचं दार उघडतच नाही. तो तादाशीची जुनी चित्रफीत लावतो. एक चाचणी फसते, दुसरी फसते, सातवी फसते, रात्री जागून डोळे सुजलेत, आणि चौऱ्याऐंशीव्या वेळी बेमॅक्स पहिल्यांदा नीट बोलतो. आपल्याकडे चौऱ्याऐंशीचा फेरा म्हणजे जन्ममरणाचा. पोरानेही तेवढेच फेरे घातले. बेमॅक्सचा मऊपणा हा त्या चौऱ्याऐंशी खेपांचा मऊपणा आहे. यंत्राने दाखवलेली माया कुणीतरी माणसाने आधी त्यात ठेवलेली असते, ती आपोआप येत नाही.

शेवटी हिरोला वाचवायला बेमॅक्स मागे राहतो. पण त्यासाठी हिरोने ते वाक्य म्हणायला हवं, मी समाधानी आहे. पोर ते रडत रडत म्हणतं. त्या वेळी आमच्या चादरीसमोर एकही पोर हललं नव्हतं.

आपल्या दारात

हे सगळं आज हिंगोलीत का सांगायचं? कारण मोठं यंत्र आपल्या दारात आलेलं आहे. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी दोन हजार सहाशे कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि त्यांनी टिपायच्या त्या विश्वातल्या सूक्ष्म थरथरी. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं आदळली तर त्याचा हेलकावा आपल्या औंढ्यात मोजला जाईल. आम्हाला याचा अभिमान आहे. आपली पोरं तिथे कामाला लागोत, शास्त्रज्ञ होवोत.

पण त्याच औंढ्याच्या वाटेवर गावं आहेत, जिथे पोरगा पुण्याला कंपनीत आहे, सून त्याच्याबरोबर आहे, किंवा सगळं घर ऊसतोडीला गेलंय आणि घरी उरलीय एक म्हातारी आणि दोन नातवंडं. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची थरथर टिपणारं यंत्र आपण उभं करू शकतो. शेजारच्या घरातल्या गुडघ्यातली कळ टिपायला मात्र कुणाला वेळ नाही. उद्या शुश्रूषा करणारी यंत्रं येतील, जपानात त्यांच्यावर काम कधीचं सुरू आहे. ती यावीत. फक्त दोन गोष्टी इतिहास आपल्या कानात सांगतो. ज्या हातांनी आजवर ही कामं केली, त्या जनीला विसरून यंत्राचं कौतुक करू नका. आज घरोघरी, दवाखान्यात म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बाया आहेत. त्यांना वेठीला धरायचं आणि फुग्याला मिठी मारायची, हे बरं नव्हे. आणि दुसरं, हिरवी चिप बनवायला कुणीतरी आधी कुणाच्या तरी दुखण्याशेजारी बसलेलं असावं लागतं.

समोर बसलेल्या पोरांना आमचं एकच सांगणं. तुम्ही यंत्रं बनवणार आहात, त्यात शंका नाही. पण बनवायला घेण्याआधी घरी जाऊन आजीला विचारा, कुठं दुखायलंय. आणि ती "काही नाही रे बाबा" म्हणाली, तर जागचे उठू नका. बेमॅक्स उठत नाही.